एका पोत्याचं वजन चौदा हजार दोनशे किलो: स्ट्रटोक नक्की काय करतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. सांगलीत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने मामांच्या अडत दुकानासाठी सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. हळदीच्या सौद्यांची टेक्स्ट फाइल, दर ओळीला एक लॉट. एफगेट्स (fgets) या फंक्शनने ओळ वाचायची, स्ट्रटोक (strtok) या फंक्शनने स्वल्पविरामावर तोडायची आणि स्ट्रक्चरच्या अ‍ॅरेत भरायची. ओळीचा नमुना असा:

११८,तासगाव,राजापुरी,५०;४९;५१,१४२००

लॉट नंबर, गाव, प्रकार, पोत्यांची वजनं, क्विंटलचा दर. (फाइलीत आकडे इंग्रजी आहेत, इथे मराठीत लिहितोय.) तक्रारी चार. दिवाणजींनी प्रकार लिहिला नसेल त्या ओळीत पुढचे कॉलम सरकतात. वजनं अर्धविरामावर तोडायला आत दुसरं स्ट्रटोक घातल्यापासून दर शून्यच येतो. छापताना पहिल्या काही लॉटचं गाव कोरं आणि नंतर सगळ्यांना शेवटचंच गाव. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये चालणारा चाचणीचा तुकडा घरच्या लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्ट देतो, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावला म्हणून बंद पडतो. विचारणं इतकंच की, "सर, स्ट्रटोकमध्ये बग आहे का?"

नाही रे बाबा. १९८९च्या पहिल्या सी प्रमाणापासून हे फंक्शन जसं ठरलंय तसंच वागतंय. अडचण ही आहे की तुझं काम त्याचं नव्हेच. स्ट्रटोक वाक्यातून शब्द वेचायला आहे; तुझी ओळ म्हणजे वाक्य नाही, ती वहीतली रकान्यांची नोंद आहे. दोन शब्दांमध्ये एक जागा सुटली काय नि चार सुटल्या काय, शब्द तेच. पण दोन स्वल्पविरामांमध्ये काही नाही, याचा वहीत अर्थ असतो: रकाना आहे, रिकामा आहे. हा फरक एकदा डोक्यात बसला की पहिली तक्रार आपोआप सुटते, म्हणून तिच्यावरच जरा जास्त वेळ घालवू.

मेमरीत काय होतं ते बघ. सोपं पडावं म्हणून ओळ छोटी घेऊ: ११८,,३०. सात बाइट आणि मजकूर इथे संपला हे सांगणारा शेवटचा शून्य बाइट, असे आठ. जागा ० ते ७. शून्य, एक, दोन या जागांवर ११८, तीन आणि चारवर स्वल्पविराम, पाच-सहावर ३०, सातवर शून्य बाइट.

पहिल्या हाकेला स्ट्रटोक सुरुवातीचे डिलिमिटर, म्हणजे जिथे तोडायचं त्या खुणा, ओलांडतं. इथे एकही नाही. मग पुढचा डिलिमिटर शोधतं, तो जागा ३ वर सापडतो. तिथला स्वल्पविराम पुसून शून्य बाइट ठेवतं, "पुढच्या वेळी ४ पासून" अशी आतल्या आत नोंद करतं आणि ० या जागेचा पत्ता परत देतं. इथवर सगळं ठीक. दुसऱ्या हाकेला तू नल (कुठेच बोट न दाखवणारा पत्ता) देतोस, म्हणजे "मागच्या ठिकाणापासून चालू". ते ४ वर येतं आणि पुन्हा तीच पहिली पायरी करतं: समोरचे डिलिमिटर ओलांड. चारवर स्वल्पविरामच आहे, तो ओलांडून ५ वर जातं आणि ३० हातात देतं. रिकामा रकाना तुला कधी कळतच नाही. गंमत म्हणजे जीडीबी या डीबगरमध्ये तो बफर (ओळ ठेवलेली मेमरी) छापून बघितलास तर जागा ४ वरचा स्वल्पविराम तसाच उभा दिसेल. तो पुसलासुद्धा नाही, कारण त्याच्यासाठी तो टोकनाचा, म्हणजे तुकड्याचा, शेवट नव्हता, नुसता अडथळा होता.

आता तुझ्या मूळ ओळीतून राजापुरी काढ आणि बघ. वजनांचा तुकडा प्रकाराच्या रकान्यात पडतो, १४२०० वजनांच्या रकान्यात पडतो, आणि आतलं तोडणं त्या १४२०० ला एकच पोतं समजतं. चौदा हजार दोनशे किलोचं पोतं उचलायला हमाल नाही, क्रेन बोलवावी लागेल. मामांनी पट्टीवर हे बघितलं नसेल अशी आशा करतो.

इथे बरेच जण दोन पळवाटा सुचवतात. पहिली, रिकाम्या जागी दिवाणजींना एक आडवी रेघ टाकायला सांग. माझ्या अनुभवात हे आठवडाभर चालतं. दुसरी, साच्याप्रमाणे मजकूर वाचणाऱ्या एसस्कॅनएफमध्ये "स्वल्पविराम सोडून काहीही" असा चौकटी कंसाचा साचा वापर. तोही रिकाम्या रकान्यावर अडतो, कारण त्या साच्याला निदान एक तरी अक्षर जुळावं लागतं. नाही जुळलं की एसस्कॅनएफ तिथेच थांबतं आणि पुढचे रकाने भरतच नाही. स्ट्रटोक निदान सरकवून तरी देतं, हे सोडूनच देतं.

डिलिमिटरबद्दलचा आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. स्ट्रटोकला देतोस तो दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे डिलिमिटर, हा एक शब्द नव्हे, अक्षरांचा संच आहे. "स्वल्पविराम आणि जागा" असं दिलंस तर ते दोन्ही मिळून एक खूण होत नाहीत. दोहोंपैकी कुठलंही एक आलं की तुटणार. म्हणजे गावाचं नाव "कवठे महांकाळ" असं सुटं लिहिलेलं असेल तर त्याचे दोन रकाने झाले.

हा संचाचा प्रकार मराठी मजकुरावर फार वाईट उलटतो, आणि शिकवताना कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. काना, अनुस्वार, वेलांटीसुद्धा वेगळी तीन-तीन बाइटची. तासगाव म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट. यातला कुठलाही बाइट १२८ च्या खाली नसतो आणि स्वल्पविराम ४४ आहे, त्यामुळे स्वल्पविरामावर तोडताना मराठी नाव मधूनच फाटायची भीती नाही. तिथे निर्धास्त राहा. पण एखादा उत्साहात येऊन पूर्णविरामाचा दंड, म्हणजे "।", डिलिमिटर म्हणून देतो. दंडाचे बाइट २२४, १६५, १६४. स्ट्रटोकला दंड वगैरे कळत नाही, त्याला तीन वेगवेगळे डिलिमिटर मिळाले. आणि २२४ हा तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट आहे. दुसरा बाइट १६४ तरी असतो, नाहीतर १६५. म्हणजे प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट गेलेच. उरतो एकटा तिसरा, आणि तो एकटा काही छापला जात नाही. त्यात "त" चे बाइट २२४, १६४, १६४ आहेत, तेव्हा तासगावमधला त मागमूस न ठेवता नाहीसा होतो. दंडावर तोडायचं असेल तर स्ट्रस्ट्र वापर. ते तिन्ही बाइट एकत्र, जसेच्या तसे शोधतं.

दुसरी तक्रार, दर शून्य येण्याची. मघाशी म्हणालो ती "पुढच्या वेळी इथपासून" ही नोंद स्ट्रटोक एका स्टॅटिक पॉइंटरमध्ये (पत्ता धरून ठेवणाऱ्या कायमच्या जागेत) ठेवतं, आणि तो अख्ख्या प्रोग्रॅमला एकच असतो. पोथीत खुणेची काडी एकच आणि वाचणारे दोघे, तशी गत. बाहेरचं स्ट्रटोक चौथ्या रकान्यापर्यंत आलं, तू त्या तुकड्याची सुरुवात देऊन अर्धविरामावर नवं तोडणं सुरू केलंस, काडी तिथे गेली. ५०, ४९, ५१ निघाले, काडी त्या तुकड्याच्या शेवटच्या शून्य बाइटवर उभी. आता बाहेरून नल देऊन पुढचा रकाना मागितलास तर काडीपुढे काहीच नाही, म्हणून नल परत येतो. दर मेमरीत आहे, अगदी एक बाइट पुढे, पण तिथपर्यंत कुणी जात नाही. तुझ्या स्ट्रक्चरमध्ये दर आधी शून्य ठेवलेला होता म्हणून शून्य दिसला. नाहीतर नल पॉइंटर थेट एटोआयला (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) देऊन प्रोग्रॅम तिथेच आडवा झाला असता.

सी प्रमाणात एक वाक्य आहे: लायब्ररीतलं दुसरं कुठलंही फंक्शन आतून स्ट्रटोक वापरत नाही असंच सगळं वागलं पाहिजे. म्हणजे प्रिंटएफ किंवा एफगेट्स तुझी काडी हलवणार नाहीत याची हमी आहे. तुझ्या स्वतःच्या फंक्शनांची मात्र हमी कोण देणार? उद्या तारीख फोडायला वेगळं फंक्शन लिहिशील, त्यात आत स्ट्रटोक असेल, आणि ते बाहेरच्या लूपमधून बोलावशील. कोड वाचताना दोन स्ट्रटोक शेजारी दिसणारच नाहीत. असे बग शोधायला दुपार जाते.

यावर उतारा स्ट्रटोक-आर. तिसरा आर्ग्युमेंट म्हणून तू स्वतःचा पॉइंटर देतोस, नोंद त्यात राहते. बाहेरच्या तोडण्याला एक, आतल्याला दुसरा. पण नीट ऐक: स्ट्रटोक-आर रिकामे रकाने दाखवत नाही. त्या बाबतीत ते जुन्यासारखंच आहे. "थ्रेड-सेफ (म्हणजे स्ट्रटोक-आर) वापरलं तरी कॉलम सरकतातच" म्हणून डोकं धरून बसलेले पुष्कळ बघितलेत.

दोन किरकोळ सूचना. स्ट्रटोक-आर हे पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणातलं आहे, मूळ सी प्रमाणातलं नाही. जीसीसी कंपायलरला कडक सी९९ (१९९९चं सी प्रमाण) सांगून कंपाइल केलंस तर हेडर फाइल त्याची घोषणा करत नाही. जुना जीसीसी नुसती वॉर्निंग देऊन परतीचा प्रकार इंट (पूर्णांक) धरायचा आणि ६४ बिटी मशीनवर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जायचा. जीसीसी १४ पासून ही थेट एरर आहे, बरं झालं. सी९९ऐवजी जीएनयू९९ सांग किंवा पॉझिक्सचा मॅक्रो हेडरच्या आधी लिही. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये स्ट्रटोक-एस आहे, तेही तीन आर्ग्युमेंटचं. पण सी११च्या ऐच्छिक परिशिष्टात त्याच नावाचं फंक्शन चार आर्ग्युमेंटचं आहे. नाव बघून कोड उचलू नकोस.

तिसरी तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण ती लक्षणावरून निदान करण्यासारखी आहे. तू लिहिलंयस की फाइलीत लॉट ९६ ते ११८ आहेत. ९९ पर्यंत गाव कोरं येतं आणि १०० पासून सगळ्यांना तासगाव. बघ आता. स्ट्रटोक नवीन मेमरी घेत नाही. ते देतं तो पत्ता तुझ्याच ओळीच्या बफरमधला असतो. तू तो पत्ता स्ट्रक्चरमध्ये ठेवलास आणि एफगेट्सने पुढची ओळ त्याच बफरमध्ये ओतली. शेवटी बफरमध्ये उरतं ११८, मग शून्य बाइट, मग तासगाव. लॉट नंबर तीन आकडी असेल तर गाव जागा ४ पासून सुरू होतं, म्हणून १०० च्या पुढचे सगळे पत्ते ४ कडे बोट दाखवतात: तासगाव. लॉट दोन आकडी असेल तर गाव जागा ३ पासून. आणि शेवटच्या ओळीत जागा ३ वर शून्य बाइट आहे, म्हणजे रिकामी स्ट्रिंग. लॉट नंबर मात्र बरोबर येतात, कारण ते तू लगेच पूर्णांकात बदलून घेतलेस.

उपाय सोपा: गाव आणि प्रकार यांची प्रत काढून ठेव. त्यासाठी प्रत काढून देणारं स्ट्रडप वापर आणि शेवटी ती मेमरी फ्री कर, किंवा स्ट्रक्चरमध्येच ठरावीक लांबीचा अ‍ॅरे ठेवून त्यात कॉपी कर. दुसरा मार्ग घेतलास तर गावाच्या नावाला वीस बाइट पुरतील असं समजू नकोस. मघाचा हिशोब आठव, वीस बाइटमध्ये शेवटचा शून्य धरून सहाच चिन्हं बसतात. कवठेमहांकाळला किती लागतील ते मोजून बघ.

चौथ्या तक्रारीला फार शाई खर्च करत नाही. पॉइंटरला थेट अवतरणातली स्ट्रिंग दिलीस आणि ती स्ट्रटोकला सोपवलीस. स्ट्रटोक तीत शून्य बाइट लिहायला जातं, आणि अशा स्ट्रिंगमध्ये लिहिणं हे प्रमाणाप्रमाणे अनिश्चित वर्तन आहे. लिनक्सवर ती फक्त वाचण्याच्या मेमरीत असते, म्हणून फॉल्ट. लॅबमधलं टर्बो सी डॉसवर चालतं, तिथे मेमरीला पहारेकरीच नाही, म्हणून लिहू देतं. लॅबमध्ये चाललं याचा अर्थ बरोबर आहे असा धरू नकोस. पॉइंटरऐवजी अ‍ॅरे जाहीर कर, म्हणजे स्ट्रिंगची प्रत तुझ्या मेमरीत येईल.

आता करायचं काय? बीएसडी या युनिक्सवाल्यांनी ४.४ या आवृत्तीत रिकाम्या रकान्यांसाठीच स्ट्रसेप आणलं. ते रिकामा रकाना रिकामी स्ट्रिंग म्हणून देतं आणि नोंद तुझ्या पॉइंटरमध्ये ठेवतं, म्हणजे आतबाहेर दोन्ही तोडणी सुखाने चालतात. लिनक्स आणि मॅकवर मिळतं. पॉझिक्समध्ये नाही, विंडोजवर नाही. मामांच्या दुकानातला कॉम्प्युटर बहुतेक विंडोजचाच असणार, म्हणून मी तुला स्वतःचं लिहायला सांगेन. दहा ओळींचं काम आहे, आणि तयार कोड चिकटवण्यापेक्षा एकदा हाताने लिहिलंस तर जन्मात विसरणार नाहीस.

फंक्शनला दोन गोष्टी दे: "सध्या कुठे आहोत" या पॉइंटरचा पत्ता आणि डिलिमिटरचं एकच अक्षर. आत आल्यावर तो पॉइंटर नल असेल तर नल परत दे, काम संपलं. नसेल तर सुरुवात म्हणून त्याची किंमत बाजूला ठेव. स्ट्रसीएचआरने पुढचा डिलिमिटर शोध. सापडला तर त्या जागी शून्य बाइट लिही आणि पॉइंटर त्याच्या एक पुढे सरकव. नाही सापडला तर हा शेवटचा रकाना, पॉइंटर नल कर. दोन्ही वेळी बाजूला ठेवलेली सुरुवात परत दे. झालं. "समोरचे डिलिमिटर ओलांड" ही पायरी यात नाही, आणि सगळा फरक तेवढाच आहे. ओळीच्या शेवटी लटकता स्वल्पविराम असेल तर शेवटचा रिकामा रकानासुद्धा हे बरोबर देतं.

ते बोलावण्याआधी ओळीचं शेपूट कापायला विसरू नकोस. एफगेट्स नवी ओळ बफरमध्येच ठेवतं, आणि विंडोजवर बनलेली फाइल लिनक्सवर वाचलीस तर त्याआधी कॅरेज रिटर्न हा न दिसणारा बाइटही असतो. स्ट्रसीस्पीएनला हे दोन्ही संच म्हणून दे. ते पहिला सापडेपर्यंतची लांबी सांगतं, त्या जागी शून्य बाइट ठेव. काही सापडलं नाही तरी तो आकडा शेवटच्या शून्य बाइटचाच असतो, म्हणून वेगळी तपासणी लागत नाही.

मूळ ओळ शाबूत ठेवायची असेल, म्हणजे चूक सापडली तर "ही ओळ बघा" म्हणून जशीच्या तशी छापायची असेल, तर काहीही पुसूच नकोस. रकान्याची सुरुवात आणि लांबी एवढंच धर. छापताना प्रिंटएफमध्ये टक्का, टिंब, तारा, एस असा साचा दे आणि आधी लांबी, मग पॉइंटर. लांबी इंटमध्ये बदलून, कारण ताऱ्याला इंटच लागतो. मी स्वतः आता बहुतेक असंच लिहितो. यात तुटलं कुठल्या चिन्हावर तेही हातात राहतं. स्ट्रटोक ते पुसून टाकतं, म्हणून १२+५*३ असं गणित त्याच्याने तोडलंस तर आकडे मिळतात आणि क्रिया हरवतात.

आकडे वाचायला एटोआय नको, स्ट्रटोल घे. त्याचा दुसरा आर्ग्युमेंट कुठपर्यंत वाचलं ते सांगतो. रकान्याच्या शेवटापर्यंत पोचला नसेल तर तो आकडा नाही, ओळ बाजूला काढ. रिकाम्या रकान्यावर तो सुरुवातीलाच उभा राहतो, तेही तपास. दिवाणजींनी कधी मराठी कीबोर्डवर ५० टंकलं तर एटोआय मुकाट्याने शून्य देईल. स्ट्रटोल निदान कळवेल की एकही अंक ओळखीचा लागला नाही.

फाइल एक्सेलमधून येणार असेल तर दोन गोष्टी आणखी. "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून साठवलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट असतात, डोळ्यांना न दिसणारे. फक्त पहिल्याच लॉटचा नंबर शून्य येत असेल तर तेच. असले तर ओलांडून पुढे जा. आणि साधं "सीएसव्ही" निवडलं तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, तिथे सी काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. रक्कम १,४५,००० अशी स्वल्पविराम घालून दाखवलेली असेल तर एक्सेल तिच्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हं घालून देतं. आता स्वल्पविराम दिसला की तोड हा नियमच पुरत नाही. अवतरणाच्या आत आहोत की बाहेर हे लक्षात ठेवत एकेक बाइट पुढे जावं लागतं, आणि आतलं अवतरणचिन्ह दोनदा लिहिलेलं असतं तेही सांभाळावं लागतं. हे करायला कष्ट फार नाहीत, पण तुझ्या फाइलीला आज त्याची गरज नाही. मामांना सांग, दराच्या आणि रकमेच्या कॉलमाचं फॉरमॅट "जनरल" ठेवा.

मोठ्या फाइलीवर जाण्याआधी हाताने एक छोटी फाइल बनव: एक ओळ पूर्ण कोरी, एक नुसत्या चार स्वल्पविरामांची, एक शेवटचा रकाना नसलेली, एक जिच्यात वजनांच्या रकान्यात एकच पोतं आहे, आणि शेवटची ओळ जिच्यानंतर एंटर दाबलेलाच नाही. शिवाय एक ओळ तुझ्या बफरपेक्षा लांब ठेव. ऐंशी पोत्यांचा लॉट आला की वजनांचाच रकाना दोन-अडीचशे बाइट खातो. तेव्हा एफगेट्स ओळ अर्धीच देतं आणि उरलेली पुढच्या हाकेला नवी ओळ म्हणून देतं. वाचलेल्या तुकड्यात नवी ओळ नाही आणि फाइलही संपलेली नाही, असं दिसलं की तो अर्धा तुकडा समज आणि बफर वाढव.